तेरावं तोंड

फॉर्म आलाय. रेवणप्पांनी न वाचताच
माझ्याकडे सरकवला: शमशाद, तूच भर.
'कारकिर्दीचा तपशील', आणि खाली चार ओळींची जागा.

उदगीर. किल्ल्याच्या वाटेवरची खोली,
खिडकीची काच काढून टेबलात बसवलेली,
खाली चाळीसचा बल्ब.
काचेवर हात ठेवला की तळवा लाल दिसायचा.
उबेला झुरळं यायची,
त्यांचीही चाल वहीत उतरून आहे.
पहिलं काम हिवताप खात्याचं, तीस सेकंदांचा डास.
पैसे पुढच्या मार्चला निघाले.
मग दंतमंजन. मग जालन्याच्या बियाणे कंपनीचं हसरं कणीस,
त्याला वेगळे दात काढा म्हणाले साहेब,
हे म्हणाले, दाणे काय आहेत मग?
ते काम गेलं.

मी तेव्हा अब्बांसोबत पाट्या रंगवायचे,
'येथे पंक्चर काढून मिळेल'.
माझा 'ळ' बघून त्यांनी बोलावलं.
ते पहिलं चित्र काढायचे आणि सातवं,
दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मी.
गाढवानं पाय उचलला, ते.
पाय टेकवला, ते.
मधे हवेत जे काही होतं
ते माझं.

हैदराबादची चार वर्षं लिहायची की नाही?
तिथं परदेशी मालिकांचे फक्त ओठ काढायचे.
भिंतीवर तक्ता, बारा तोंडं.
जगातल्या सगळ्या आवाजांना बारा पुरतात,
सुपरवायझर म्हणायचा.
रात्रीच्या बसनं बिदरवरून परतले,
थैलीत तक्त्याची गुंडाळी,
आणि चहाच्या आधी मला म्हणाले, बोल,
काय करूलालास, कुठं जाऊलालास.
मी आरशासमोर बोलले. पन्नासदा बोलले.
'लाला'ला जीभ दोनदा वर जाते
आणि दुसऱ्यांदा पुरती खाली येत नाही.
असं तोंड तक्त्यात नव्हतं.
त्यांनी काढलं, बाराव्याच्या खाली खळीनं चिकटवलं.
माझंच आहे ते. अर्धा तुटलेला दातही माझा.

मग आठ वर्षं. नऊ मिनिटं.
माळेगावच्या बाजारात विकलं न गेलेलं एक गाढव
पाठीवर मालकाचा संसार घेऊन परत निघतं,
वाटेत भेटेल त्याला विचारतं,
कुठं जाऊलालास?
साडेसहा हजार कागद, एक लोखंडी कपाट,
एकदा वाळवी.
वहिनी रद्दीवाल्याला गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवायच्या.

दाखवला तोही माळेगावातच, जत्रेत,
टेम्पोच्या अंगाला चादर बांधून.
गाढव बोललं तशी माणसं हसली,
पोरं तर चादरीला उत्तरं देत होती.
संपल्यावर एक बेलदार म्हातारा पुढं आला.
कान बरोबर हाय, म्हणाला. बोलणं बरोबर.
पाय खोटा.
एवढं वझं पाठीवर, अन् पाय कसा तरंगूलालाय?
वझ्याचं जनावर खूर घासत आणतंय, मास्तर.

हवेतला पाय. म्हणजे माझा.
रेवणप्पा म्हणाले, खरंय, माझी चूक,
मलाच दिसलं नाही.
मी टेम्पोच्या चाकाकडे बघत उभी राहिले.
परतीच्या वाटेवर त्यांनी लोह्याला दोन केळी घेतली,
एक मला दिलं,
त्यावर एक शब्द नाही. आजतागायत नाही.

सकाळी खोली उघडली तर बल्ब चालू होता,
कपाटातून एक नंबरचा कागद काढलेला,
आणि माझ्या टेबलावर
टोक केलेली पेन्सिल.

ते आता सदुसष्टचे.
'पुरस्कार' या रकान्यात मी रेघ ओढलीय.
'सध्या काय चालू आहे', यापाशी अडले,
आत डोकावून विचारलं, काय लिहू?
मान वर केली नाही.
थांब जरा, म्हणाले,
वझं ठेवूलालो.