डावा कान

कंपनीतून आणले पिवळ्या फोमचे बोळे,
दोन जोड्या.
स्टोअरच्या कदमांनी विचारलं नाही कशाला,
रजिस्टरमध्ये लिहिलं फक्त : प्रेस शॉप, चार नग.
हे बघ शाल्मली, असं चिमटीत वळायचं, वातीसारखं,
मग कान जरा वर ओढून आत सोडायचं
आणि थांबायचं.
फुगतात ते हळूहळू, भिजत घातलेल्या मेथीसारखे.

तू म्हणालीस, कान बुजवायचे तर जायचं कशाला?
मी म्हणालो, हे कानांनी कमी
आणि बरगड्यांनी जास्त ऐकायचं असतं.
लसूण सोलता सोलता मी हवेत गिटार वाजवतो
तेव्हा बघतेस ना, तशी बघितलंस.

गंगापूर धरणाच्या अलीकडे, डाव्या हाताला,
द्राक्षबागेला लागून मैदान.
फेब्रुवारीची थंडी, मंडपवाल्याच्या खुर्च्या
ज्यांच्यावर कुणीच बसत नव्हतं.
बँडचं नाव पाथर्डी फाटा.
चार पोरं. त्यातला ड्रमवाला
गणपतीच्या पथकात ढोल बडवून तयार झालेला :
हे तू सांगितलंस. मला कुठून ठाऊक असणार.

मला ठाऊक ते एवढंच :
पंच्याण्णव साल, आयटीआयचं दुसरं वर्ष,
व्हर्नियरसाठी घरून मिळालेले पैसे खिशात
आणि पुण्याची एस्टी.
कुठल्याशा कॉलेजचं मैदान, बँडचं नावही विसरलो,
पण पहिली तार छेडली गेली
आणि माझ्या शर्टाची बटणं थरथरली.
रात्र शिवाजीनगर स्टँडवर, चपला उशाला.
सकाळी मोहदरी घाट उतरलो तरी
डाव्या कानात शिट्टी.
ती पुरती गेलीच नाही कधी.
वर एकवीस वर्षं पॉवर प्रेस,
मिनिटाला चाळीस ठोके.
मी त्या ठोक्यांवर गाणी बसवली,
नाहीतर काय करणार होतो?
सुपरवायझर विचारायचा, मान का हलवतोस रे?

असो. त्यांनी तारा जुळवल्या, बराच वेळ.
मग सुरू झालं
आणि तू दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून
माझ्याकडे बघून हसलीस, म्हणजे
खरंच की, बाबा.

तिसऱ्या गाण्यात मला दिसलं :
ड्रमवाला झांजेवर मारतोय,
पितळ डोलतंय, निळा उजेड घसरतोय त्याच्यावरून
आणि आवाज नाही.
मी बोळा काढला. तरी नाही.
बेस होता, ढोल होता, पोटात सगळं जागच्या जागी,
वरचा मजला तेवढा रिकामा.
जिना चढून जावं तर दार आहे, खोली नाही.

मी काही बोललो नाही.
माझ्या मानेचा एखादा ठोका चुकला असेल.
तू हात ओढलास माझा, तळवा उघडलास
आणि नखांनी सुरू केलंस
च्छ, च्छ, च्छच्छ,
तापलेल्या तेलात मोहरी टाकावी तसं,
समोर पितळ डोललं की इकडे तळव्यावर,
अख्खं गाणं,
मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.
तुझी नखं थंडीनं गार. कापायला झालेली.

परतताना सोमेश्वरपाशी चहा घेतला.
तुझी आई नाइट ड्युटीवर, तिचा फोन :
कान जपले ना पोरीचे?
जपले, म्हणालो.

गाडीवर तू मागे उजवीकडे सरकून बसलीस.
आधी नीट, मध्ये बसायचीस.
खांद्यावर हनुवटी टेकून म्हणालीस,
शेवटच्या गाण्यात बेस उतरला होता.
असेल, म्हटलं.
असेल नाही. होता.

सोमवारी कदमांनी गंमत केली, नग जमा करा.
मी टेबलावर तीन ठेवले.
चौथा तुझ्या कंपासपेटीत, खोडरबराखाली आहे
हे मला माहीत नाही
असं तुला वाटतं.