डावा हात

देल्मीराने तो टेबलावर ठेवला, गोणपाटात गुंडाळलेला,
आणि श्वास घ्यायच्या आधी विचारलं: कंपनी कुठली?
सासऱ्याच्या खुराड्यात निघाला होता,
वर अंड्यांच्या टोपल्या, आत उंदरीचं बाळंतपण.
नाव असेल तर ब्वेनोस आयरेसचा माणूस दुप्पट देतो, म्हणाली.
मी म्हटलं, बघू.

बघायचं ते पाठीमागून.
रेडिओ पुढून खोटं बोलतात, मागून त्यांना जमत नाही.
पाच व्हॉल्व्ह. ८० नंबरचा काजळलेला,
४२ ची मान सैल, ७५ च्या डोक्यावर टोपी वाकडी.
ही पंचायत त्या काळी निम्म्या जगाच्या रेडिओंत बसायची,
तिच्यावरून गाव कळत नाही.
ट्रान्सफॉर्मरवर शिक्का नाही.
डायलच्या काचेवर मोन्तेविदेओ, रोसारिओ, कोर्दोबा,
छपाई कलती, लग्नपत्रिकेच्या उरल्या शाईत केल्यासारखी.
तळाला कागद नाही.
कागदाचा डिंकही नाही.

माझ्याकडे एक खण आहे, पोरक्या बिल्ल्यांचा.
मेलेल्या रेडिओंची पितळी नावं, तीस वर्षांची.
खोटं कशाला सांगू, एक काढून लावून पाहिला.
शोभला.
इतका शोभला की मी उठून दाराला कडी घातली.

मग भिंग घेतलं.
लाकडाला खिळ्याचं भोक नाही.
बिल्ला ऊन अडवतो, त्याच्याखाली पॉलिश गडद राहतं;
तसा गडद तुकडाही नाही.
म्हणजे नाव गळून पडलं नव्हतं.
नाव कधी नव्हतंच.

चासी उलटी केली तेव्हा तुझी गाठ पडली.
प्रत्येक तार खुंटीला उलट्या अंगाने वळवलेली.
सोडवायला जावं तर माझं मनगट आडवं यायचं,
दोन दिवस मी पक्कडीला शिव्या दिल्या.
तिसऱ्या दिवशी पक्कड डाव्या हातात घेतली
आणि तार सुटत गेली.

डाव्या हाताचा मळ म्हणतात.
तुझा मळ नव्हता तो. एकूण एक डाग चकचकीत,
तांदळाच्या दाण्याएवढा.
फक्त एक कच्चा, स्पीकरच्या तारेचा,
मध्येच कोणी हाक मारल्यासारखा.

तारांची जुडी मेणाच्या दोऱ्याने बांधलेली,
दर दोन बोटांवर गाठ.
ही गाठ कारखान्यात शिकवत नाहीत.
ही इंजेनिएरो व्हाईटच्या धक्क्यावर कोळंबीच्या जाळ्याला मारतात,
भिजली की आणखी आवळते.
तू कोळी होतास? की जाळी विणणारी कोणी,
रात्री, पोरं झोपल्यावर?
इतके दिवस मी तुला पुरुष समजून शिव्या देत होतो.

सात कंडेन्सर मेण गाळत होते. त्यांचं पोट रिकामं केलं,
नवे आत बसवले, तेच मेण वितळवून तोंडं बंद केली.
कर्ण्याचं भोक येर्बाच्या पुडीच्या कागदाने बुजवलं.
एक गाठ कापावी लागली.
ती परत मारता येईना. धक्क्यावर जाऊन
म्हाताऱ्या बाच्चिगालुपोला विचारली.
त्याने उजव्या हाताने दाखवली. मी घरी येऊन
आरशात बघून मारली.

वायरीत शंभराचा बल्ब जोडून बटण फिरवलं.
बल्ब झगझगला, मग मंद झाला. बरं लक्षण.
तापलेल्या धुळीचा वास, बारीक गुणगुण,
आणि खोकल्यामागून बोलावं तसा एक माणूस:
गव्हाचा भाव, नैऋत्येचा वारा, भरती पहाटे चारला.

देल्मीरा टोपली घेऊन उभी होती.
मग, कंपनी?
नाही.
तिने टोपली खाली ठेवली. दोन बातम्या ऐकल्या.
त्या माणसाला काय सांगू?
सांग, नाव नाही म्हणून.
अर्धेच देईल मेला, म्हणाली,
आणि आवाज थोडा वाढवला.

बिल्ला खणात परत टाकला.
चासीच्या आत पेन्सिलीने लिहिलं:
कंडेन्सर सात. डाग एक. गाठ एक, माझी,
इतरांपेक्षा सैल.