सदतीस अ, सदतीस ब

बर्फाचा डबा स्कूटरच्या पुढ्यात धरून
इलाही स्वारगेटचे दोन सिग्नल तोडत आला.
डब्यात दोन नळ्या, एकाच माणसाच्या.
३७-अ : मोठ्या आतड्यातली गाठ.
३७-ब : गाठीपासून वीतभर लांबचं, धड असलेलं आतडं.

संमतीपत्रावर नाव काळ्या शाईनं खोडलेलं.
व्यवसाय खोडायचा कुणीतरी विसरलं :
निवृत्त कारकून, जकात, शेवाळवाडी नाका.
सही तिरकी, अर्धी चौकटीबाहेर,
खाली रेव्हेन्यू तिकीट असणारच, अशा सवयीची.

तुकडे दळताना थंडी हातमोज्यांतून पेरांत शिरते.
दुसऱ्या दिवशी कागदावर
तपकिरी पट्टे उमटतात, तेवढेच दिसतात
आतड्यातले नाकेदार.
येणारा माल अडवायचा, हे त्यांचं काम.
करपलेल्या कबाबाची काजळी, मिश्रीची राख,
डोकेदुखीची गोळी.
एक जण माल उघडतो,
दुसरा त्यावर साखरेचा शिक्का मारतो
आणि म्हणतो, जा, पाण्याबरोबर वाहून जा.
कधी उघडण्यातच घोळ होतो :
बंद होतं तोवर निरुपद्रवी,
उघडलं की विष.
हे पहिल्यांदा समजलं तेव्हा
आठवडाभर मी वेफर्सचं पाकीटसुद्धा जपून फोडलं होतं.

ब-मध्ये पट्टे असावेत तसे.
अ-मध्ये साखरेचा शिक्केवाला जेमतेम, पुसट.
पण तिसरा एक आहे, नेहमीपेक्षा दाट,
जागा, कामसू, रात्रपाळीला बसल्यासारखा.
मी पुन्हा करून पाहिलं.
तोच.
गाठीनं नाका पाडला नाही,
ठेवून घेतला.
आता तिथे औषध अडवलं जातं.
मंगळसूत्र मोडून आणलेलं, थेंबाथेंबानं सोडलेलं औषध
त्याच शिस्तीत, त्याच पावतीवर
वेशीबाहेर.

संध्याकाळी उरुळीच्या बसनं घरी जाते.
शेवाळवाडीला जकात बंद होऊन किती वर्षं झाली,
तरी आमचा ड्रायव्हर तिथे गाडी हळू करतो.
का, म्हणून विचारलं एकदा.
"कोण जाणे," म्हणाला, "पाय आपोआप जातो."

वहीत लिहिलं : ३७. अ जास्त, ब कमी.
समासात पेन्सिलीनं :
नाकेदार प्रामाणिक होता,
मालक बदलल्याचं त्याला कुणी कळवलं नाही.
मग तेही खोडलं,
नाव खोडतात तसं नाही,
वाचता येईल असं.