प्लगचा रंग

सरोवराच्या मधोमध गाडी बंद पडली.
आवाज आधीच बदलला होता,
धावताना उचकी लागावी तसा,
मीच दुर्लक्ष केलं.
मागे स्लेजवर चाऱ्याची सहा पोती,
पुढे अठ्ठावीस किलोमीटर बर्फ,
आणि उणे चौतीस:
नाकातले केस एकमेकांना चिकटतात, ती थंडी.

दोरी ओढली. वीस वेळा.
मग मोजणं सोडलं.

बाबा म्हणतात, आधी कॉफी पी.
घाबरलेला माणूस यंत्र उघडतो
आणि पाना बर्फात हरवून बसतो.
म्हणून प्यायले, उभ्याउभ्या,
कपाच्या कडेला तोवर काच धरायला लागली होती.

बॉनेट उघडलं. हातमोज्यातूनच प्लग काढला
(उघड्या बोटांनी धरलं की कातडी लोखंडाकडे राहते).
आमचे योव्सेत-बाबा प्लगचा रंग बघून
गाडीच्या पोटातलं सांगतात:
काळाकुळकुळीत, तर पेट्रोल फार पितेय,
पांढराफटक, तर उपाशी आहे, जळेल एक दिवस,
आणि कॉफीत दूध जरा सढळ पडलं की होतो
तो तपकिरी असेल, तर
गुपचूप परत बसव आणि दुसरीकडे शोध.

तपकिरी होता.

इतका राग आला मला त्याच्या निरोगीपणाचा.

ठिणगी होती, निळी, टचटचीत.
बेल्ट शाबूत. केबल मोकळी.
कार्बोरेटरला कान लावून पाहिला,
जणू तो आपणहून काही कबूल करणार होता.
ट्रॅकच्या चाकांतला बर्फ हातोडीने पाडला,
त्याचा याच्याशी काही संबंध नाही
हे ठाऊक असून,
हात तरी गरम राहतात.

फेब्रुवारीतला सूर्य टेकडीवर हनुवटी टेकवून
तेवढं बघून खाली गेला.

मग पेट्रोल किती उरलंय बघावं,
रात्र काढायची तर पेटवायला लागेल,
म्हणून टाकीचं झाकण फिरवलं
आणि टाकीने श्वास घेतला.
स्स्स्स, लांबलचक,
पाण्याखाली पैज लावून बसलेलं पोर
वर आल्यासारखा.

झाकणात सुईएवढं भोक असतं.
ते बर्फाने बुजलं होतं.
पेट्रोल निघालं होतं इंजिनाकडे,
पण त्याची रिकामी झालेली जागा घ्यायला
हवेला दारच नव्हतं.
एवढंच.
एवढंच, आणि मी बोटं गमवायला निघाले होते.

केसांतली पिन काढून भोक मोकळं केलं.
चोक. दोरी.
तिसऱ्या ओढीला तिने पेट घेतला,
निळा धूर, जळक्या तेलाचा वास,
आणि मी त्या धुरात
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ उभी राहिले.

रात्री शेडमध्ये पेन्सिल घेऊन गेले.
तिथली भिंत म्हणजे बाबांची वही:
कुठला बेल्ट कधी तुटला, किती थंडी होती,
कुणाची गाडी, कुणाचा हलगर्जीपणा,
तीस वर्षांचं, बारीक, खाली उतरत जाणारं अक्षर.
जागा शोधत जुना ट्रॅक बाजूला सरकवला,
तर त्याच्यामागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
कुणी वाचू नये असं लिहिलेलं:
टाकीचं झाकण. तीन तास. गाढव.

तारीख माझ्या जन्माआधीची.

खाली लिहिलं: मी पण. दीड तास. रिस्तेन.
आणि ट्रॅक होता तिथे परत टांगला.

स्वयंपाकघरात बाबा
नव्या खुब्याला उशी लावून बसलेले.
"प्लग होता ना?"
खिडकीकडे बघत विचारलं.

"हो," मी म्हटलं, "प्लगच."

त्यांनी मान हलवली,
आणि कॉफीचं भांडं
माझ्या बाजूला सरकवलं.