कानाडोळा

माझं काम कानाडोळ्याचं.
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून
वीस वर्षं मी नेमक्या वेळी पाठ फिरवली.
कधी सैल झालेली दोरी तपासायला,
कधी कोपऱ्यातल्या मुखवटेवाल्याशी हुज्जत घालायला.
मागे व्हर्जिल स्लोनची काठी उठायची.
ती मी पाहिली नाही. ऐकली.
काठी पोकळ, बुचाच्या लाकडाची;
आवाजासाठी पैलवान हळूच मांडीवर थाप मारायचा,
दोन्ही अर्थांनी.

व्हर्जिल स्वतः एकदाच लढला,
मोबिलच्या जत्रेत, आणि खांदा निखळला.
मग तो दुसऱ्यांच्या वतीने बोलू लागला.
त्याचे पैलवान म्हणजे डोंगर,
पण माईक पुढे आला की दातखीळ.
व्हर्जिल सोनेरी कोट झटकून म्हणायचा,
"डोथनच्या बायांनो,
तुमच्या नवऱ्यांपेक्षा माझे बूट देखणे!"
अख्खं सभागृह उभं.
उकडलेल्या शेंगांची टरफलं, बर्फ,
एकदा तर कुणाची कवळी.

पहिल्या रांगेत मिसेस टिलरी,
चर्चला घालायची ती टोपी घालून.
दर शनिवारी मला ओरडायची,
"अरे आंधळ्या, मागे बघ!"
मी बघायचो नाही. पगारच त्याचा होता.
चौऱ्याहत्तर साली टोपीची पिन तिने
व्हर्जिलच्या मांडीत खुपसली, चांगली दोन बोटं.
तो किंचाळला.
लोक म्हणाले, काय नाटकी आहे मेला.
पेन्साकोलाच्या वाटेवर, मागच्या सीटवर,
आयोडीन लावता लावता तो म्हणाला,
"बाई मन लावून बघते."
पिन त्याने काड्यापेटीत जपून ठेवली.

बाकी काय सांगू.
फाडलेले टायर. रात्रीला चाळीस डॉलर.
मुलीला शाळेतून आणायचं तर
गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करायची,
कारण खलनायकाला मुलगी नसते.
पुढे तो पाण्याचे फिल्टर विकायचा,
ते मात्र कुणी घेतले नाहीत.

पण मला आठवतो तो एक शनिवार.
तिची खुर्ची तिसऱ्यांदा रिकामी.
व्हर्जिल दोरीवर चढला, माझ्या नाकापुढे मूठ नाचवली,
लोक खवळले,
आणि दातांमधून त्यानं विचारलं,
"म्हातारी कुठंय?"
मी बोट रोखून, डोळे वटारून,
त्याला दम भरत सांगितलं,
"गेली. मंगळवारी. झोपेत."

त्यानं मूठ खाली घेतली नाही.
तसाच थोडा वेळ उभा राहिला.
मग काठी उचलली.
मी अजून वळलोच नव्हतो.
वळ, वळ, असं मी पायानं खुणावलं स्वतःलाच,
पण तो थांबला होता, काठी वर धरून,
मी नीट बघेपर्यंत.
मग मारली.

आता घंटा वाजवण्याशिवाय काय करणार?
त्याचा पैलवान बाद झाला.
माणसं खुर्च्यांवर चढून नाचली.

प्रमोटरनं आमचे दोघांचे वीस-वीस डॉलर कापले.
व्हर्जिलनं माझे द्यायला हवे होते.
दिले नाहीत.