रविवारी, साडेआठ वाजता

भिंतीवर मागच्या पुराची रेघ आहे,
जुन्या स्विचबोर्डच्या चार बोटं वर.
दोनदा रंग काढला, तरी ती घामासारखी बाहेर येते.
उल्हास म्हणाला, राहू दे, मोजायला बरी.
मग बोर्ड रेघेच्या वर नेला
आणि पंखा लावायला जुई स्टुलावर चढू लागली.

सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधला.
त्या रात्री वाळवंटी घरात आली तेव्हा
तो तरंगत देवघरापर्यंत गेला होता,
पाहुण्यासारखा, हळू.
उकडे तांदूळ माळ्यावर. सोलं, मीठ, काडेपेटी बरणीत,
बरणीच्या तोंडाला मेण.
एक-चौदाचा उतारा, रेशनकार्ड, बाबांचं पेन्शनबुक
तीन पिशव्यांत, एकीत दुसरी.
बॅटरीच्या सेलमध्ये कागदाचा कपटा,
लागेल तेव्हा ओढायचा.
कपाटाच्या दाराला आतून रंगाने नंबर:
अग्निशमन, दवाखाना, चढावरची इनासीन,
म्हापशाची नणंद, जिचा नंबर तेवढ्यात बदलला.

रविवारी साडेआठला मी मेन स्विच पाडला
आणि ओरडले, पाणी आलं!

अंधारात घर केवढं मोठं होतं.
उल्हासने पिशवी सोडून छत्री उचलली.
जुई मांजर शोधत राहिली; मांजर कधीच बाहेर.
मी, जिने यादी केली, चष्मा चाचपडत होते.
आणि बाबा खुर्चीत.
तीस वर्षं रायबंदर-चोडण फेरीबोटीवर दोर टाकलेला माणूस,
हाताची घडी घालून:
"म्हाका हांगाच सोडात. उदक म्हाका वळखता."

यादीत बाबांच्या गोळ्या होत्या,
कवळीची डबी होती, वॉकरसुद्धा.
बाबांना कोण उचलणार
ते कुठल्याच ओळीत नव्हतं.

दिवे लावले.
चौदा मिनिटं, जुई घड्याळ बघून म्हणाली
आणि आमची तोंडं बघून गप्प झाली.

सोमवारी इनासीनच्या जावयाने दोन बांबू दिले.
उल्हासने ते खुर्चीच्या हातांखालून घातले,
काथ्याने आवळले.
बाबांनी गाठ निरखली, सोडली,
आपली मारली.
मी ओढून बघितली, जुईने लोंबकळून बघितली.
मग त्यांनी एक टोक चिमटीत धरून हिसका दिला
आणि सगळा काथ्या जमिनीवर.
पुन्हा बांधायला लावली, तिघांनाही,
डोळे मिटून.

रात्री पाणी प्यायला उठले
तर बाहेरच्या खोलीत वॉकरची टकटक.
दिवा न लावता बाबा दाराकडे निघाले होते, मोजत,
अठरा, एकोणीस,
मग लाकडावर लोखंड अडकल्याचा आवाज
आणि एक शिवी, फेरीबोटीवरची.
मी तशीच मागे फिरले.

सकाळी यादीच्या तळाशी
पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:
उंबरा दोन बोटं तासून घेणे.