हातचा

अर्बानाच्या विद्यापीठात, तळघरातल्या खोलीत
पाच वर्षं मी एका लोखंडी सळईकडे पाहत होतो.
सळई कागदावरचीच.
एक टोक तापवलं की ऊब कशी सरकत जाते,
कुठे किती, कोणत्या क्षणी,
आणि एकदा पसरली की परत गोळा का करता येत नाही,
याला माझी ब्याण्णव पानं लागली.
वाचली तिघांनी. त्यातला एक मी.

शिकागोत, लासाल स्ट्रीटवर, एकविसाव्या मजल्यावर
मुलाखतीत फिनेगन म्हणाला,
अरे, हेच तर आमचं समीकरण,
फक्त काळ उलटा.
शेवट काय होईल ते मांडायचं
आणि मागे मागे येत आजची किंमत काढायची.
मी हसलो.
मग त्याने पगाराचा आकडा सांगितला.

कराडला वडिलांना फोनवर समजावलं.
ते पोस्टात बचत खात्याच्या खिडकीवर.
सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले,
ताळा बसतो ना?

बाजारालाही हसू असतं, ते तिथे कळलं.
सत्त्याऐंशीच्या आपटीआधी ती रेष
बरीचशी सपाट होती म्हणतात.
घाबरली, दोन्ही टोकांनी वर वळली,
आणि तशीच राहिली,
फोटोग्राफर निघून गेल्यावरही राहावं तशी.
चौदा वर्षं मी त्या हसण्याचे दात मोजले.
घर घेतलं. गुडघा गेला.
सळई विसरलो.

ब्रोन्या रात्री दहाला यायची, कचऱ्याच्या पिशव्या बदलायला.
फळ्यावर मी लिहून ठेवायचो: पुसू नये.
ती पुसायची नाही. फळ्याची चौकट मात्र
ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यायची.
दोन हजार आठचा ऑक्टोबर. मजल्यावर आम्ही दोघंच.
पेन्शनचं पत्र घडी करून ॲप्रनच्या खिशात,
फळ्याकडे बघत तिने विचारलं,
यात मी कुठे आहे?

मी शोधलं. खरंच शोधलं.
वरच्या ओळीत, छोट्या अक्षरात:
बाजार अखंड आहे, उडी मारत नाही,
विकणाऱ्याला घेणारा कायम मिळतो.
म्हटलं, इथे.
तुम्हाला गृहीत धरलंय.

तिने मान हलवली. पिशवीला गाठ मारली.
लिफ्टचं दार मिटल्यावर मीच फळा पुसला, शर्टाच्या बाहीने.
निळी शाई आठवडाभर मनगटावर होती.
सकाळी सातला मी जागेवर होतो, हेही सांगतो.
बोनस आला त्या वर्षी. कमी, पण आला.

आता रॉजर्स पार्कमध्ये राहतो.
जानेवारीत रेडिएटर पहाटे ठोके देतो,
आणि ऊब पलंगापर्यंत यायला
अकरा मिनिटं लागतात. मोजलीयत.
पडल्या पडल्या जुन्या बेरजा करतो,
एककापासून, पोरासारख्या, ओठ हलवत.
सगळी घरं भरतात,
आणि एक हातचा उरतो.
तो कुठे मिळवायचा,
वडील असते तर विचारलं असतं.